वाचकांचे प्रश्न: सर्व्हिस सेंटरने सुचवलेली कोणती कामे खरोखर आवश्यक असतात?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): आमची पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार घेऊन दोन वर्षे पूर्ण झाली असून तिचे २१,००० किलोमीटर झाले आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकृत सर्व्हिस सेंटरला ती नेली, तेव्हा ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल यांच्या जोडीला इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, तळाला अँटी-रस्ट कोटिंग, उंदीर प्रतिबंधक फवारा आणि व्हील अलाइनमेंट अशी कामे सांगण्यात आली. अंदाजपत्रक चौदा हजारांच्या घरात गेले. ही कामे न केल्यास वॉरंटीला अडचण येईल, असेही सल्लागार म्हणाले. गावाहून पुन्हा यावे लागू नये म्हणून मी होकार दिला. यातील खरोखर आवश्यक काय होते?

उत्तर: अंदाजपत्रकातील प्रत्येक ओळीबाबत दोनच गोष्टी विचाराव्यात. हे काम गाडीसोबत मिळालेल्या मॅन्युअलमधील देखभालीच्या तक्त्यात या किलोमीटरला किंवा या महिन्याला लिहिलेले आहे काय? आणि लिहिलेले नसेल, तर गाडीत असे काय आढळले म्हणून ते सुचवले जात आहे? पहिल्याचे उत्तर तक्त्यावर बोट ठेवून मिळायला हवे आणि दुसऱ्याचे तुमच्या डोळ्यांदेखत. ज्या कामाला या दोहोंपैकी कोणताच आधार नाही, ते त्या दिवशी नाकारल्याने गाडीचे काही बिघडत नाही.

या कसोटीवर ऑइल आणि ऑइल फिल्टर निर्विवाद आवश्यक ठरतात. अनेक पेट्रोल गाड्यांत ते १०,००० किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचे असते, आणि वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर गाडी चालवणारे पुष्कळ जण यातील महिन्यांची अट विसरतात. ब्रेक ऑइललाही आक्षेप घेण्याचे कारण नाही. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ दर्जाच्या द्रवाचा उत्कलनबिंदू नव्या स्थितीत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या स्थितीसाठी हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. उतारावर सतत ब्रेक दाबावे लागल्यास तापलेले द्रव उकळून ब्रेक निकामी होऊ शकतात, म्हणून हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणूनच अनेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात आणि तुमची गाडी नेमकी त्याच टप्प्यावर आहे.

एअर फिल्टरच्या बाबतीत मात्र सल्लागाराने कदाचित कमीच सांगितले असेल. बहुतेक मॅन्युअलमध्ये नेहमीच्या तक्त्यानंतर कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा तक्ता असतो आणि तो सहसा कोणी उघडून पाहत नाही. धुळीचे रस्ते, अतिशय उष्ण हवामान आणि इंजिन पुरते तापण्याआधीच संपणाऱ्या छोट्या फेऱ्या त्यात मोडतात. डिसेंबरपासून पावसाळ्यापर्यंत आपल्याकडील पांदण रस्त्यांवर काळ्या मातीची जी पिठासारखी धूळ उडते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ज्या रीतीने ४५ अंशांच्या आसपास जातो, ते पाहता ग्रामीण विदर्भातील गाडीने हा दुसरा तक्ताच आपला मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एअर फिल्टर ठरलेल्या वेळेआधीच काढून पाहावा आणि कागदाच्या घड्या मातीने भरलेल्या दिसल्यास बदलून घ्यावा. एसीचा फिल्टर अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि मॅन्युअलमधील चित्र पाहून तो घरीही बदलता येतो. एसीला कुबट वास येत असेल, तर आधी हा फिल्टर बदलावा. तरीही वास राहिला, तरच निर्जंतुकीकरणाचा विचार करावा.

आता उरलेल्या यादीकडे येऊ. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लश लागत नाही, कारण आतील मळ धरून ठेवणारी रसायने चांगल्या ऑइलमध्ये मुळातच असतात. ऑइलमध्ये वेगळी औषधे घालू नयेत, असे कित्येक कंपन्यांचे मॅन्युअलच बजावते. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) यांची सफाई हा दोषावरील उपचार आहे. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वरखाली होणे, सकाळी चालू होण्यास वेळ लागणे, ॲव्हरेज अचानक घटणे यांपैकी काही जाणवत असेल, तर ती करावी. तुमच्या पत्रात अशी एकही तक्रार नाही, म्हणजे दोन वर्षांच्या गाडीवर हा खर्च अनाठायी होता.

अँटी-रस्ट कोटिंगचे समर्थन समुद्राच्या खाऱ्या हवेत समजण्यासारखे आहे. कोकणातील वाचकाला मी निराळे उत्तर दिले असते. आपल्याकडे पत्र्याचा खरा शत्रू म्हणजे पावसाळ्यात चाकांवरील कमानीच्या आत थापून बसलेला चिखल, कारण तो आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो वेळोवेळी काढला, तर सध्या तेवढे पुरे. उंदरांचा प्रश्न मात्र खरा आहे. सोयाबीन आणि कापूस घरात आल्यावर, किंवा कुटाराच्या ढिगाशेजारी गाडी उभी राहत असल्यास, वायरी कुरतडल्या जातात आणि वायरिंगची दुरुस्ती फार महागात पडते. तथापि, फवाऱ्याचा परिणाम धूळ आणि पाण्याबरोबर ओसरतो. त्यावर विसंबण्यापेक्षा गाडी धान्य आणि वैरण यांपासून दूर लावावी आणि आठ-पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून आत काडीकचरा जमला आहे काय, ते पाहावे.

अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा, निर्णय टायरवरून करावा. सपाट, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने जास्त झिजत असेल, तर हे काम आवश्यक असते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर ते लवकर उद्भवते. संगणकीय यंत्र आधीची आणि नंतरची मापे छापून देते. तो कागद मागून घ्यावा, म्हणजे बदल झाला की नुसते बिल झाले, ते कळते.

तुमच्या यादीत दोन महत्त्वाच्या गोष्टी नव्हत्या, याचे मला आश्चर्य वाटते. विदर्भातील गाडीचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि बॅटरी उन्हाळ्यापूर्वी तपासायलाच हव्यात. कूलंट कमी झाल्यास रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची आपल्याकडील सवय घातक आहे. कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट घालावे. बॅटरीचे आयुष्यही थंडीपेक्षा उष्णतेने अधिक घटते.

वॉरंटीच्या धमकीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. वॉरंटीच्या पुस्तिकेत ज्या अटी छापलेल्या असतात, त्या ठरलेल्या वेळी करावयाच्या देखभालीबाबत असतात आणि त्या पाळाव्यातच. फ्लश, कोटिंग किंवा फवारा नाकारल्याने वॉरंटी जाते, असे कोणी म्हणत असेल, तर ती अट पुस्तिकेत दाखवण्याची किंवा जॉब कार्डवर (गाडीवर करायच्या कामांची नोंद असलेल्या कागदावर) लिहून देण्याची विनंती करावी. बहुधा विषय तेथेच संपतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडे काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे म्हटले होते. त्या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले. म्हणून वॉरंटीच्या काळात वेळापत्रकातील सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करून प्रत्येक बिल जपून ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

तुम्ही होकार देण्याचे जे कारण लिहिले आहे, तेच खरे दुखणे आहे. शहरातील ग्राहक घरी जाऊन विचार करू शकतो. गावाहून आलेल्या माणसाचा मात्र एक दिवस आणि येण्याजाण्याचे पेट्रोल आधीच खर्च झालेले असते, आणि विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे असलेल्या सल्लागाराला ही अडचण न सांगताही कळते. त्यामुळे निर्णय काउंटरवर नव्हे, तर निघण्यापूर्वी घरीच करावा. वेळ ठरवतानाच किलोमीटर सांगून कामांची यादी आणि सुटे दर फोनवर मागवावेत आणि ती यादी मॅन्युअलशी ताडून पाहावी. गाडी देताना जॉब कार्डवर ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ आणि ‘बदललेले जुने भाग परत द्यावेत’ अशा दोन ओळी लिहून घ्याव्यात. न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावले गेल्यास आणि लेखी तक्रारीनेही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही.

प्रश्न (मूल तालुका, जि. चंद्रपूर): माझी डिझेल गाडी २०२१ मधील आहे. रोज पाच-सहा किलोमीटरच वापर होतो. डीपीएफचा दिवा लागला, म्हणून सर्व्हिस सेंटरने सफाई आणि महागडे ऑइल सांगितले. हीदेखील विक्रीची युक्ती समजावी काय?

उत्तर: नाही, येथे सल्लागाराच्या बोलण्यात तथ्य आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषणविषयक निकषांमुळे डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान ५५० ते ६०० अंशांच्या आसपास न्यावे लागते आणि पाच किलोमीटरच्या फेरीत ते साधत नाही. अर्धवट राहिलेल्या अशा प्रयत्नांत, तापमान वाढवण्यासाठी जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ते बदलणे भाग आहे. महाग ऑइलचेही कारण आहे. काजळी जळून जाते, पण ऑइलची राख जळत नाही आणि ती फिल्टरमध्ये कायमची साठते, त्यामुळे कमी राखेचे ऑइलच वापरावे लागते. त्याचा दर्जा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. दिवा नुसताच लागला असेल, तर आधी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर गाडी काही वेळ सलग, एका वेगात चालवून पाहावी. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीची ओढ कमी झाली असेल, तर मात्र न थांबता सर्व्हिस सेंटर गाठावे. आणि वापर एवढाच राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोलची घ्यावी.

प्रश्न (मोर्शी, जि. अमरावती): टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचा आग्रह होतो. तो घ्यावा काय?

उत्तर: साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाल्यास घ्यावा, पैसे मोजू नयेत. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे हवा तपासावी आणि त्या वेळी स्टेपनी विसरू नये.