क्रेन, चेन पुली आणि बेल्ट : वाचकांचे प्रश्न

क्रेनपेक्षा क्रेनच्या हूकखाली काय लावायचं, याबद्दलचेच प्रश्न जास्त येतात, आणि गोंधळ दरवेळी तोच असतो. या वेळी ते एकत्र घेतले आहेत.

तीन टनी चेन पुलीची (साखळी ओढून भार उचलायच्या यंत्राची) तपासणी किती दिवसांनी करायची? (सातपूर)

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 नं घातलेली मुदत 12 महिन्यांची होती, आणि कलम 28 मधल्या लिफ्ट व हॉइस्टसाठी 6 महिन्यांची. पाळी सुरू होताना ऑपरेटरनं रोज पाहायचं ते वेगळं.

बेल्ट (भाराला लावून हूकात अडकवायचा पट्टा) लांब पडतो. गाठ मारली तर चालेल का? (भोसरी)

नाही. योग्य लांबीचा बेल्ट आणा.

दोन टनांचे दोन बेल्ट लावले की चार टनांची डाय (लोखंडी साचा) उचलता येते, असं आमचे खलाशी (अवजड माल हलवणारे कामगार) म्हणतात. बरोबर का? (चाकण)

दोन्ही बेल्ट सरळ उभे असतील आणि भार दोघांवर सारखा पडत असेल, तरच. एकाच हूकातून बेल्ट खाली फाकले की हिशेब बदलतो. चार टनांच्या डायला बेल्टमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येक बेल्टवर सुमारे 2.3 टन येतात, 90 अंशांना 2.8, आणि 120 अंशांना पूर्ण चार टन. दोन टनी बेल्टवर दुप्पट!

“आजवर तुटला नाही” हे मला सांगू नका. पॉलिस्टर बेल्टला साधारण सातपट राखीव ताकद दिलेली असते, ती झीज आणि झटक्यासाठी. रोजच्या कामात ती खाऊन टाकली, तर डायच्या धारेवर बेल्ट घासला गेला त्या दिवशी हाताशी काही उरत नाही. धारेखाली गोणपाट नको, कॉर्नर प्रोटेक्टरच हवा. आणि रंगावर जाऊ नका. हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा हा संकेत खरा, पण बाजारात वाटेल त्या रंगाचा माल मिळतो. लेबल वाचा, लेबल नसेल किंवा पुसलं असेल, तर तो बेल्ट वापरातून काढा. डायचं वजन एका बाजूला जास्त असेल तर वरचे आकडेही लागू नाहीत. अशा उचलीचा आराखडा जाणकार इंजिनीअरकडून करून घ्या.

चेन पुलीच्या तपासणीबद्दल पुरवठादार म्हणतो, “फोटो पाठवा, संध्याकाळपर्यंत सर्टिफिकेट देतो.” दरही निम्मा आहे. घ्यावं का? (वाळूज)

मुळीच घेऊ नका. तुम्ही तपासणी विकत घेत नाही आहात, कागद घेत आहात.

तपासायला आलेला माणूस आधी हूक पुसायला लावतो. हूकचं तोंड किती उघडलंय ते कॅलिपरनं मोजून उत्पादकाच्या मूळ मापाशी ताडतो. हूक पिळला आहे का, आणि भार टेकतो त्या आतल्या वळणावर किती झीज आहे, ते पाहतो. तडा गेल्याचा संशय आला तर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारतो. ठरावीक कड्यांची लांबी मोजून चेन ताणली आहे का ते ठरवतो. मग भार जमिनीपासून थोडा उचलून ब्रेक धरतो का ते पाहतो. यातलं फोटोत काय दिसणार? ब्रेक फोटोत घसरत नाही. अशा कागदांवर मी भंगारात गेलेल्या चेन पुलींचे नंबरही वाचले आहेत!

अपघात झाला की हाच कागद तुमच्यासमोर ठेवला जातो, आणि तोवर पुरवठादाराचा फोन बंद असतो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं मान्यता दिलेली सक्षम व्यक्तीच बोलवा. तिचं मान्यतापत्र मागा, मुदत पाहा, आणि ती मान्यता उचल यंत्रांसाठीच आहे ना, तेही वाचा; प्रेशर व्हेसलची (दाबाखालच्या टाक्यांची) मान्यता इथे चालत नाही. शंका असेल तर संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयात विचारा. नव्या मालाबरोबर येणारं कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे ही वार्षिक तपासणी नव्हे, हेही मालकांना एकदा सांगा.

ईओटी क्रेनच्या (शेडमध्ये वर रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेनच्या) वायर रोपच्या तुटलेल्या तारा बोटाला लागतात. दिवाळीच्या शटडाऊनपर्यंत चालवू का? (कुरकुंभ)

क्रेन आजच थांबवा. आणि रोपवर उघडा हात फिरवू नका. रोप थांबलेला असताना त्यावर सुती चिंधी फिरवा, तार तुटली असेल तिथे ती अडकते. एक अख्खा पेड (तारा पिळून केलेला पदर) तुटला असेल तर रोप बदलायचाच. सुट्या तारा तुटल्या असतील तर किती आणि किती लांबीत, यावर निर्णय ठरतो. तो सक्षम व्यक्तीनं घ्यायचा, उत्पादन विभागानं नव्हे.

हूकचं सेफ्टी लॅच (बेल्ट निसटू न देणारी खिट्टी) तुटलंय, बाइंडिंग वायरनं बांधलं आहे. (शिरोली)

वायर काढा, लॅच बसवा, तोवर हूक वापरू नका.

फोर्कलिफ्टच्या पॅलेटवर माणूस उभा करून ट्यूबलाइट बदलतो. पाच मिनिटांचं काम असतं. (तळोजा)

बंद करा. सुटा पॅलेट माणूस उचलण्यासाठी नसतो. तो काट्यांवरून सरकतो, आणि वर धरायला काहीच नसतं. कठडा असलेला फिरता मचाण किंवा एरियल प्लॅटफॉर्म भाड्यानं मिळतो. कोणता घ्यायचा, हे जमीन आणि उंची पाहून तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ठरवू द्या.