बाळाची हृदयधमनी जन्मतः चुकीच्या जागेतून निघत असल्यास निदान आणि शस्त्रक्रिया कशी होते?

डावी हृदयधमनी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी) महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघत असेल, तर जन्मानंतर काही आठवड्यांत फुप्फुसातील दाब उतरताच तिच्यातील रक्त उलट वाहू लागते आणि हृदयाच्या स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो. दूध पिताना घाम येणे, धाप लागणे, कळवळून रडणे ही लक्षणे पोटदुखी समजून सोडून दिली जातात. ईसीजीतील खोल क्यू लहरींमुळे (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची आलेखातील खूण) संशय येतो. मात्र हृदय फुगलेले दिसले म्हणून स्नायूंचाच आजार ठरवण्याआधी (चूक बहुधा इथेच होते) इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) धमनीचा उगम शोधलाच पाहिजे, आणि तो स्पष्ट न दिसल्यास सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करावी. निदानानंतर थांबण्यात अर्थ नसतो. शस्त्रक्रियेत धमनीचे मुख भोवतालच्या भित्तिकेसह कापून महाधमनीला जोडतात. रक्तपुरवठा सुधारल्यावर या आजारात गळू लागलेली मायट्रल झडपही (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) पुष्कळदा हळूहळू सुधारते.