दुभाषी, भाषांतरकार की अनुवादिका?

प्रश्न असा आलाय: मावशीची पंच्याहत्तरी आहे, तिने आयुष्यभर जर्मन शिकवलं, काही वर्षं लाइपझिग आणि व्हिएन्नाला राहिली, पुस्तकं मराठीत आणली, कंपन्यांच्या मीटिंगांना साहेब लोकांच्या शेजारी बसून बोललेलं इकडचं तिकडे सांगितलं. पत्रिकेत 'दुभाषी' लिहिलं तर काका म्हणतात हे कमीपणाचं वाटतं, 'अनुवादिका' लिहा. बरोबर काय? आणि 'वेल ट्रॅव्हल्ड'ला काय म्हणायचं?

दुभाषी लिहा, अगदी बिनधास्त लिहा, फक्त ते भाषांतरकारच्या जागी नको, त्याच्या जोडीला हवं, कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुमच्या मावशींनी दोन्ही केलीयत. बोललेलं तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत सांगतो तो दुभाषी, लिहिलेलं लिहून देतो तो भाषांतरकार. जर्मनमध्ये डोल्मेचर आणि युबरझेट्सर असे दोन शब्द आहेत, जपानीत त्सूयाकू आणि होन्याकू. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला नाहीतर मॅक्सम्युलर भवनात शिकून या लाइनला लागलेल्या कुणालाही विचारा, इंटरप्रिटेशन आणि ट्रान्सलेशन ते कधीच एकात एक करत नाहीत, पैसेसुद्धा एकाचे दिवसावर आणि दुसऱ्याचे शब्दावर किंवा पानावर ठरतात.

आता काकांना कमीपणा का वाटला असेल ते मला कळतं. 'दु' म्हटलं की दुतोंडी, दुटप्पी आठवतात. पण हा 'दु' म्हणजे साधा 'द्वि' आहे हो, दुमजली, दुपदरी, दुहेरीमधला, त्यात खोटेपणा काही नाही. 'दुभाष्या' म्हटलं तर मात्र सूर थोडा सलगीचा लागतो आणि ते रूप पुल्लिंगी आहे, मावशींसाठी ते नकोच. 'दुभाषी' बाईमाणसाला आणि पुरुषाला दोघांना चालतं. दुसरं कारण दलालीचं असू शकेल. मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांचे 'दुभाष' भाषेबरोबर व्यापारही सांभाळायचे, आणि मुंबई बंदरात जहाजांना माल पुरवणाऱ्यालाच दुभाष म्हणायला लागले, त्यावरून पारशी आडनाव पडलं, काळा घोड्याजवळचा के. दुभाष मार्ग त्याच आडनावाचा.

पण आपल्याकडे या कामाला मान होता. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी दुभाषी म्हणून होता, म्हणजे एवढ्या मोठ्या राजकारणातली बोलणी या माणसाच्या जिभेवर अवलंबून. फारसी पत्रव्यवहार बघणारा तो पारसनीस, फडणीस-चिटणीसांसारखंच दरबारी पद, आणि पुण्यात हे आडनाव आजही ठिकठिकाणी भेटतं. अशा परंपरेतला शब्द पत्रिकेत छापायला लाजायचं कशाला?

आणि काम किती अवघड असतं ते एकदा जवळून बघावं. माझी एक मैत्रीण चाकणला जर्मन इंजिनियर आले की जाते, मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. हातात छोटी उभी वही, त्यात आकडे, नावं आणि बाण एवढंच, वाक्यं नाहीतच. सुपरवायझर सांगतोय, "हा पार्ट आम्ही शुक्रवारपर्यंत, म्हणजे मटेरियल वेळेत आलं तरीसुद्धा, तुम्हाला देऊ शकणार..." आणि तिचं तोंड बंद, कारण मराठीत 'नाही' सगळ्यात शेवटी येतं, आधी बोलायला गेली तर होकार देऊन बसेल. मग तो म्हणाला, "बघतो, होऊन जाईल." हे हो आहे का नाही? तिने अंदाज न बांधता त्यालाच विचारून घेतलं, "शुक्रवार नक्की का?" आणि मगच जर्मनमध्ये बोलली. घरी बसून भाषांतर करताना अशा वाक्यावर दुपार घालवता येते, कोश उघडता येतो, तिथे दोन सेकंद मिळतात.

राहिलं अनुवादिका. सरकारी पदनाम अनुवादक आहे, साहित्य अकादमीचा पुरस्कारही अनुवाद पुरस्कार, त्यामुळे 'अनुवाद' जरा वजनदार वाटतो हे खरं. मुळात अनुवाद म्हणजे मागून बोलणं, सांगितलेलं पुन्हा सांगणं, मीमांसा या जुन्या दर्शनशास्त्रात तो याच अर्थाने येतो. भाषांतरमधलं 'अंतर' लोकांना लांबी-रुंदीचं वाटतं, पण ते देशांतर, मतांतरमधलं आहे, म्हणजे 'दुसरी भाषा'. आज दोन्ही शब्द एकाच कामाला चालतात. मला स्वतःला भाषांतरकार आवडतो, घरगुती आहे आणि त्यात बाई-पुरुष असा फरकच करावा लागत नाही. 'अनुवादिका' चूक नाही, पण अनुवादक लिहिलं तरी भागतं.

आता वेल ट्रॅव्हल्ड. 'जग फिरलेल्या' कृपा करून लिहू नका, ते ट्रॅव्हल कंपनीच्या जाहिरातीसारखं वाटतं आणि मावशी काही सहलीला गेल्या नव्हत्या. त्या तिथे राहिल्या, आणि भाषा शिकवणाऱ्याला त्या राहण्याचा केवढा उपयोग होतो! जानेवारीला जर्मनीत यानुआर म्हणतात आणि व्हिएन्नात येनर, बटाट्याला तिकडे कार्टोफेल तर इकडे एर्डआप्फेल. दोन्हीकडे घर केलेली बाई वर्गात दोन्ही सांगते, मग तिचे विद्यार्थी ऑस्ट्रियाचं पत्र वाचताना अडत नाहीत. म्हणून गावांची नावंच घाला: "लाइपझिग आणि व्हिएन्ना इथे वास्तव्य केलेल्या, जर्मनच्या शिक्षिका, भाषांतरकार आणि दुभाषी." भाषांतरित पुस्तकांची नावं असतील तर त्याच्या खालच्या ओळीत द्या, आणि मूळ लेखकाचं नावही नक्की छापा.