नवा लॅपटॉप घेण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अवकाश संशोधनात जायचंय, त्यासाठी लाखभराचा लॅपटॉप हवा, आणि आईबाबांना कसं पटवू असं विचारलंयस. माझं ऐकशील तर तो विषय घरात सध्या काढूच नकोस. लॅमिंग्टन रोडला जाऊन आहे त्याच लॅपटॉपची रॅम वाढवून घे, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसव. पुढचं वर्षभर तुला जे शिकायला हवं ते तेवढ्यावर आरामात होईल.

नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर (फिरती गाडी) फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळावर उतरला. त्याचा मुख्य प्रोसेसर फार तर २०० मेगाहर्ट्झने चालतो आणि रॅम २५६ एमबी. तुझा फोन त्याच्या कितीतरी पुढे आहे. अवकाशात जास्त ऊर्जेचे कण चिपमधून आरपार जातात, मेमरीतला एखादा ० उलटून १ होतो, आणि दुरुस्तीला तिथे कोणी जाऊ शकत नाही. म्हणून वेग कमी चालेल, पण किरणोत्सारात टिकेल अशी चिप घेतात. त्याच रोव्हरच्या पोटाखालून गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मात्र स्नॅपड्रॅगन ८०१ ही फोनमधली चिप होती, वर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. पाच उड्डाणं झाली तरी भरून पावलो, असा हिशेब होता. ते ७२ वेळा उडालं. फोनची चिप कधीतरी चुकणारच हे धरून तिच्या भोवतीची यंत्रणा बांधली होती.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. मशीन चुकल्यावर काय करतं, ते आधी शीक. चांद्रयान-३च्या वेळी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीही हेच सांगितलं होतं: काय काय बिघडू शकतं ते धरून त्या लँडरची रचना केली होती.

या बाबतीत मला सगळ्यात आवडतं ते व्हॉयेजर-१चं प्रकरण. नासाचं १९७७चं यान. नोव्हेंबर २०२३मध्ये त्याच्याकडून येणारा डेटा एकाएकी निरर्थक झाला. महिनोनमहिने शोध घेतल्यावर कळलं की एका कॉम्प्युटरमधली मेमरीची एक चिप गेली आहे, त्या कॉम्प्युटरच्या मेमरीचा साधारण तीन टक्के भाग. तिथला कोड दुसरीकडे हलवायचा, तर सलग मावेल एवढी मोकळी जागाच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत गावाहून पाहुणे आले की कोणी पलंगाखाली, कोणी गॅलरीत, कोणी शेजारी झोपतं, तसे त्या कोडचे तुकडे करून मिळेल तिथे ठेवले. मग कोण कुठे गेलंय त्याचे पत्ते उरलेल्या कोडमध्ये दुरुस्त केले. १८ एप्रिल २०२४ला पहिला तुकडा पाठवला. संदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. २० तारखेला यान आपली तब्येत पुन्हा नीट कळवू लागलं. हे मी कितीदा वाचलं तरी अंगावर काटा येतो.

कमी मेमरीत काम करायची परंपरा आपल्या मुंबईतही आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला, इथल्याच माणसांनी बांधलेला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची; इथे शब्द म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो ०-१ आकड्यांचा गट. अपोलो यानांतल्या कॉम्प्युटरची पुसून लिहिता येणारी मेमरीही २०४८ शब्दांचीच होती, फक्त शब्द लहान. अपोलो-११च्या कॉम्प्युटरचा सगळा कोड आज इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो, जमेल तसा चाळ. चांद्रयान-२चा डेटाही इस्रोने खुला केलाय, पण त्याच्याकडे नंतर वळ.

सुरुवात वडापावच्या गाडीपासून कर. तिथला क्यूआर कोड नीट बघ. तेलाचे डाग, एक कड सोललेली, मध्ये ॲपचा लोगो, तरी पैसे बरोबर जातात. त्या कोडमध्ये मूळ माहितीबरोबर जादा माहिती गणिताने मिसळलेली असते, रीड आणि सॉलोमन यांनी १९६०मध्ये मांडलेल्या पद्धतीने. व्हॉयेजर-२ने युरेनस आणि नेपच्यूनचे फोटो पाठवले तेव्हा हीच पद्धत वापरली होती. जपानमध्ये १९९४ला क्यूआर कोड आला, त्यातही तीच. घरी एक कोड छापून काढ आणि काळ्या पेनाने थोडा थोडा भरत जा, फक्त कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन सोड. प्रत्येक वेळी स्कॅन कर आणि कुठे थांबतं ते वहीत लिही. कोड चूक-दुरुस्तीच्या कुठल्या पातळीचा आहे त्यावर साधारण सात ते तीस टक्के नुकसान तो सोसतो.

रीड-सॉलोमनचं गणित लगेच झेपणार नाही, त्याची घाई नको. आधी हॅमिंगचा कोड हाताने कर; एक चूक शोधून दुरुस्त करायची ती सोपी पद्धत आहे. सात घरं आखून त्यांना १ ते ७ आकडे दे. तुझे चार बिट, म्हणजे चार ० किंवा १, ३, ५, ६, ७ या घरांत भर. १, २ आणि ४ ही घरं राखणदारांची. पहिल्या घरातला १, ३, ५, ७ वर नजर ठेवतो, दुसऱ्या घरातला २, ३, ६, ७ वर, चौथ्या घरातला ४, ५, ६, ७ वर. प्रत्येकाच्या टापूत एकांची संख्या सम येईल असा त्याचा बिट ठेव. आता मैत्रिणीला कुठलंही एक घर गुपचूप उलटायला सांग. पहिल्या आणि चौथ्या घरातले राखणदार तक्रार करत असतील (टापूत एकांची संख्या विषम झाली) तर १ आणि ४ मिळव: पाचवं घर बिघडलंय. दर वेळी बरोबर येतं, आणि का येतं ते आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहून बघितलंस की तुलाच दिसेल. कागदावर जमलं की पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिही.

मग मैत्रिणीला दोन घरं उलटायला सांग. राखणदार तेव्हाही ठामपणे एका घराकडे बोट दाखवतील. ते घर कुठलं निघतं आणि आठवं घर जोडून ही फसगत निदान ओळखता येते का, एवढं सोडव आणि पुढच्या पत्रात मला कळव.