फँटसी बेसबॉल: .२१३ अ‍ॅव्हरेजचा फलंदाज ठेवायचा की सोडायचा? नेमके कोणते आकडे बघायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर १२ संघांची फँटसी लीग खेळताय, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवताय. रोटो पद्धत (प्रत्येक रकान्यात संघांचा क्रम लागतो आणि त्यावरून गुण मिळतात), फलंदाजीचे पाच रकाने: रन, होम रन (कुंपणापलीकडे मारलेला फटका), आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा), स्टोलन बेस (पिचर म्हणजे गोलंदाज चेंडू टाकत असताना पळून गाठलेला पुढचा बेस) आणि हिट भागिले अ‍ॅट-बॅट म्हणजे अ‍ॅव्हरेज. मे नुकता लागलाय. तुमच्या एका फलंदाजाचे १२० प्लेट अपिअरन्स (फलंदाजीच्या पाळ्या) झालेत: वॉक वगळून १०८ अ‍ॅट-बॅट, २३ हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं), ४ होम रन, २४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), १२ वॉक (चार चेंडू झोनबाहेर पडल्यानं फुकट मिळालेला पहिला बेस). अ‍ॅव्हरेज .२१३. बेसबॉल सॅव्हंट या अमेरिकेच्या मेजर लीगच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर मात्र त्याच्या एक्सवोबा (फटक्यांवरून काय मिळायला हवं होतं याचा अंदाज) आणि बॅरलच्या (सर्वोत्तम वेग-कोनाचे फटके) पट्ट्या लालभडक, म्हणजे वरच्या दर्जाच्या, दिसतात. ठेवू की सोडू?

ठेवा. पण लाल पट्ट्यांच्या भरवशावर ठेवू नका. मुख्य कारण त्याच्या स्ट्राइकआउटच्या आकड्यात आहे आणि ते तुम्ही स्वतः पाच मिनिटांत काढू शकता.

आधी बॅबिप काढू. होम रन सोडून मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले, याचं ते प्रमाण. हिटमधून होम रन वजा करा. त्याला अ‍ॅट-बॅट वजा स्ट्राइकआउट वजा होम रन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन धाव मिळवून देणारा उंच फटका), या संख्येनं भागा. तुमच्या फलंदाजाचा सॅक्रिफाइस फ्लाय एकही नाही असं धरतो. १९ भागिले ८०, म्हणजे .२३८. मेजर लीगची सरासरी .२९० ते .३०० च्या आसपास असते. .२९५ धरली तर ८० चेंडूंवर साधारण साडेतेवीस हिट अपेक्षित होते, त्याला १९ मिळाले. सगळी बोंब या साडेचार हिटची आहे. ८० चेंडूंच्या नमुन्यात निव्वळ नशिबानं होणारा चढउतार, म्हणजे प्रमाणित विचलन, साधारण .०५१ येतं. त्यामुळे .०५७ ची तूट म्हणजे फारसं विचित्र काही घडलेलं नाही. क्रिकेट बघणाऱ्याला हे लगेच पटेल: बॅटची कड लागून स्लिपमधून चौकार जातो आणि तोच खेळाडू सणसणीत ड्राइव्ह थेट कव्हरच्या हातात मारतो. शंभरेक चेंडूंत याचा हिशेब जुळत नाही.

आता कोणत्या आकड्यावर किती लवकर विश्वास ठेवायचा ते बघू. यावर बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक रसेल कार्लटन यांचं काम सगळ्यांत जास्त वापरलं जातं. एकाच फलंदाजाचे दोन नमुने घेतले तर ते एकमेकांशी .७ इतके जुळायला किती मोठा नमुना लागतो, हे त्यांनी तपासलं. स्ट्राइकआउटच्या टक्केवारीला सुमारे ६० प्लेट अपिअरन्स पुरतात, वॉकला १२०, होम रनच्या दराला १७०. अ‍ॅव्हरेजला ९१० अ‍ॅट-बॅट लागतात, म्हणजे दीड हंगामाहून जास्त. बॅबिपला मैदानात पडलेले ८२० चेंडू लागतात. मे महिन्यात अ‍ॅव्हरेज बघून कुणाला काढणं म्हणजे ज्या आकड्यात सगळ्यांत कमी माहिती आहे, त्याच्यावर निर्णय घेणं.

हे आकडे नुसते पाठ करून उपयोग नाही, ते हिशेबात घ्यावे लागतात. रीत सोपी आहे. वरच्या संख्येच्या ३/७ इतके ‘सरासरी’ प्रसंग फलंदाजाच्या आकड्यात मिसळायचे. स्ट्राइकआउटसाठी ६० चे ३/७ म्हणजे २६. लीगची सरासरी २२ टक्के धरा. २४ अधिक २६ च्या २२ टक्के, भागिले १४६: उत्तर साधारण २० टक्के. म्हणजे त्याच्या स्ट्राइकआउटचा आकडा जवळपास जसाच्या तसा घ्यायला हरकत नाही. बॅबिपसाठी ८२० चे ३/७ म्हणजे ३५१. १९ अधिक ३५१ गुणिले .२९५, भागिले ४३१: उत्तर .२८४. खेळाडू जुना असेल आणि त्याचे तीन-चार पूर्ण हंगाम हाताशी असतील, तर लीगच्या सरासरीऐवजी त्याचीच सरासरी घ्या आणि तिला याहून जास्त वजन द्या.

आता पुढच्या ४०० प्लेट अपिअरन्सचा अंदाज. १० टक्के वॉक धरले तर ३६० अ‍ॅट-बॅट उरतात. २० टक्क्यांनी ८० स्ट्राइकआउट. होम रनसाठी प्रोजेक्शनचा (संकेतस्थळांवरच्या पुढच्या कामगिरीच्या अंदाजाचा) दर घ्या, समजा १६. उरले २६४ चेंडू. गुणिले .२८४, म्हणजे ७५ हिट. त्यात १६ मिळवले की ९१. अ‍ॅव्हरेज .२५३. आज .२१३ दिसणारा माणूस पुढे .२५३ नं खेळेल, हा तुमचा खरा अंदाज. बारा संघांच्या लीगमध्ये फ्री एजंटांत, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंत, यापेक्षा बरं आणि वर १६ होम रन देणारं सहसा कुणी सापडत नाही.

या सगळ्यात सॅव्हंटच्या पट्ट्या कुठे आल्या नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांचं काम यानंतर सुरू होतं. बॅबिप कमी का, हे शोधायला त्या लागतात.

त्यासाठी मोजमाप नीट कळायला हवं. स्टॅटकास्ट, म्हणजे चेंडूची आणि खेळाडूंची हालचाल मोजणारी यंत्रणा, २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर आहे. बॅटवरून निघालेला चेंडू ताशी ९५ मैल किंवा जास्त वेगाचा असेल तर तो हार्ड-हिट. बॅरल व्हायला वेग किमान ९८ मैल लागतो आणि त्या वेगाला लाँच अँगल (चेंडू बॅटवरून वर निघण्याचा कोन) २६ ते ३० अंशांतला असावा लागतो. वेग वाढला की चालणारा कोन दोन्ही बाजूंनी रुंदावतो. ११६ मैलांना ८ ते ५० अंशांतलं काहीही बॅरल ठरतं. १० अंशांखाली ग्राउंड बॉल, १० ते २५ लाइन ड्राइव्ह, २५ ते ५० फ्लाय बॉल, त्यापुढे पॉप-अप. पॉप-अप जवळजवळ हमखास आउट असतो. म्हणून कमी बॅबिपचं कारण ढिगानं पॉप-अप असेल, तर ते दुर्दैव समजू नका. तो त्याच्या स्विंगचा दोष आहे आणि तो जूनमध्येही राहील. तुमच्या फलंदाजाच्या पानावर हे पहिल्यांदा बघा.

सरासरी एक्झिट व्हेलॉसिटीला (चेंडू बॅटवरून निघण्याच्या वेगाला) मी फार किंमत देत नाही. जमिनीत ठोकलेला १०५ मैलांचा चेंडू ती सरासरी फुगवतो आणि होम रनच्या रकान्यात काही टाकत नाही. बॅरलची टक्केवारी जास्त कामाची. बॅटवरून मैदानात गेलेल्या चेंडूंमागे ७-८ टक्के म्हणजे साधारण, १२ च्या पुढे खरी ताकद. कमाल वेग ताकदीची मर्यादा दाखवतो, पण नुसता तेवढाच बघितला तर हात पोळतात. पिट्सबर्गच्या ओनील क्रूझनं मे २०२५ मध्ये १२२.९ मैल वेगानं होम रन मारला. स्टॅटकास्टनं मोजलेला तोवरचा तो सर्वांत वेगवान फटका. त्याच हंगामात त्याची अ‍ॅव्हरेज .२०० राहिली, कारण चेंडू बॅटला लागतच नव्हता. म्हणून मी स्ट्राइकआउट आधी बघायला सांगतो.

आता एक्सवोबा. बॅटवरून चेंडू कोणत्या वेगानं आणि कोनानं निघाला आणि काही फटक्यांसाठी फलंदाजाच्या धावण्याचा वेग, यावरून काय मिळायला हवं होतं, हे ते सांगतं. चेंडू कोणत्या दिशेला गेला हे त्यात नसतं. ही उणीव फँटसीत महागात पडते. इसाक पारेडेसचं उदाहरण घ्या. तो फार जोरात मारत नाही, पण डाव्या कुंपणाच्या कोपऱ्याकडे उंच फटके मारण्यात तरबेज. २०२३ मध्ये टँपा बेकडून त्यानं ३१ होम रन मारले. एक्सवोबा मानणारे त्याला वर्षभर ‘नशीबवान’ म्हणत राहिले. २०२४ च्या जुलैअखेर तो शिकागो कब्जकडे गेला आणि रिगली फील्डच्या खोल डाव्या कोपऱ्यात त्याचे तेच फटके झेल होऊ लागले. तिथे ५२ सामन्यांत ३ होम रन. मग ह्यूस्टननं त्याला घेतलं. तिथला डावा कोपरा ३१५ फुटांवर आहे. २०२५ मध्ये दुखापतीमुळे शंभरच्या आसपासच सामने खेळूनही त्याचे २० होम रन झाले. माणूस तोच, मैदान वेगळं. तेव्हा प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांत फरक दिसला की आधी फटक्यांची दिशा आणि मैदान तपासा. फरक दोन-तीन वर्षं एकाच बाजूला दिसत असेल, तर ती त्या खेळाडूची खोड आहे. एप्रिलच्या थंड हवेत चेंडू कमी लांब जातो हेही लक्षात ठेवा. उत्तरेकडच्या उघड्या मैदानांवर एप्रिलमध्ये कुंपणापाशी पडलेले काही फटके जुलैत पलीकडे जातात.

आणखी एक गफलत फार लोक करतात. डब्ल्यूआरसी प्लसची (फलंदाजाचं एकूण मोल एका आकड्यात सांगणाऱ्या मापाची) यादी लावतात आणि वरून खाली खेळाडू उचलतात. तो आकडा खऱ्या संघासाठी आहे. त्यात वॉकला मोल आहे आणि मैदानाचा परिणाम मुद्दाम काढून टाकलेला असतो. तुमच्या लीगमध्ये वॉकचे थेट गुण शून्य आणि मैदानाचा फायदा मात्र पूर्ण पदरात पडतो. कायल श्वार्बरचा २०२३ चा हंगाम बघा: ४७ होम रन, १०८ रन, १०४ आरबीआय, ऑन-बेस (बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) .३४३ आणि अ‍ॅव्हरेज .१९७. ५८५ अ‍ॅट-बॅटमध्ये ११५ हिट. संघाचं लक्ष्य .२५० असेल तर एकट्यानं ३१ हिटचा खड्डा पाडला. पूर्ण संघाचे ७००० अ‍ॅट-बॅट धरले तर संघाची अ‍ॅव्हरेज चार-साडेचार पॉइंटांनी (एक पॉइंट म्हणजे .००१) उतरते. हा खड्डा भरायला लुईस अराएझसारखा कुणी हवा. त्यानं त्याच वर्षी ५७४ अ‍ॅट-बॅटमध्ये २०३ हिट काढले, अ‍ॅव्हरेज .३५४. सॅव्हंटवर त्याच्या हार्ड-हिटची पट्टी गर्द निळी, म्हणजे तळाची. निळ्या पट्टीचा माणूस एका रकान्यात सोनं असू शकतो.

स्टोलन बेसच्या बाबतीत स्प्रिंट स्पीडवर (धावण्याच्या वेगावर) विसंबू नका. लीगची सरासरी सेकंदाला २७ फूट आहे. हुआन सोटो आणि जॉश नेलर दोघेही त्याच्या बरेच खाली. तरी २०२५ मध्ये सोटोनं ३८ आणि नेलरनं ३० बेस चोरले. २०२३ पासून बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरला एका फलंदाजासमोर दोनदाच रबरवरून (चेंडू टाकताना पाय ठेवायच्या पट्टीवरून) पाय काढण्याची मुभा उरली. तेव्हापासून पिचरची लकब वाचणारा मंद खेळाडूही चोरी करतो. म्हणून वेगाऐवजी गेल्या महिन्यात त्यानं किती प्रयत्न केले ते मोजा.

रन आणि आरबीआयसाठी कुठलाही प्रगत आकडा लागत नाही, बॅटिंग ऑर्डर लागते. क्रमांक एकानं खाली गेला की पूर्ण हंगामात साधारण १५ ते २० प्लेट अपिअरन्स कमी होतात. डावखुरा फलंदाज डावखुऱ्या पिचरसमोर बसवला जातो का, तेही बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतात आणि लाइनअप मध्यरात्रीनंतर जाहीर होतात. रोज जागणं शक्य नसतं. तेव्हा दर सोमवारी मागच्या सात दिवसांची ऑर्डर एकदम बघा.

लीगमधल्या इतरांशी सौदा करताना हेच उलट वापरता येतं. ज्याचा बॅबिप .४०० आहे, स्ट्राइकआउट २८ टक्के आहेत आणि बॅरल ४ टक्के आहेत, असा तुमचा .३२० वाला आत्ताच देऊन टाका. समोरच्याला फक्त .३२० दिसतं. घेताना उलटं शोधा: अ‍ॅव्हरेज पडलेली, पण स्ट्राइकआउट गेल्या वर्षीपेक्षा चार-पाच टक्क्यांनी कमी झालेले आणि ऑर्डरमध्ये वर सरकलेला. फॅनग्राफ्स या संकेतस्थळावर उरलेल्या हंगामाची प्रोजेक्शनं असतात. त्यातली ‘द बॅट एक्स’ स्टॅटकास्टचे आकडे धरून चालते. तुमचा अंदाज तिच्यापासून फार लांब जात असेल, तर तुम्हाला ठाऊक असलेलं पण तिला न कळणारं ठोस कारण हवं: बदललेलं मैदान, नवी ऑर्डर, बरी झालेली दुखापत.

तुमच्या फलंदाजापुरतं सांगायचं तर २५० प्लेट अपिअरन्सपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, त्याला हात लावू नका. त्याआधी सोडायची वेळ तीनच गोष्टींनी येईल. शेवटच्या ६० प्लेट अपिअरन्समध्ये स्ट्राइकआउट ३० टक्क्यांवर गेले आणि स्ट्राइक झोनमधलेही चेंडू हुकायला लागले. किंवा बॅट स्पीड स्वतःच्या गेल्या वर्षीच्या सरासरीपेक्षा ताशी दोन मैलांनी घसरला. हा आकडा मे २०२४ पासून सॅव्हंटवर मिळतो आणि एवढी घसरण बहुतेकदा मनगटाचं किंवा बरगडीचं दुखणं सांगते. किंवा मॅनेजरनं त्याला सातव्या-आठव्या क्रमांकावर नेऊन आठवड्यातून दोनदा बसवायला सुरुवात केली. शेवटची गोष्ट घडली तर पट्ट्या कितीही लाल असोत, थांबू नका.