कॅनडाचं जॉब लेटर आणि वीस गुंठे ऊस

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा 28 वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा केलेला, लग्न झालेलं नाही. शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनवर, सहा वर्षं पूर्ण, आता मशीन लावून देणारा सेटर. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला चारही भागांत 6. एजंट म्हणतो, 14 लाख भरा, कॅनडातल्या कंपनीचं जॉब लेटर आणतो, त्याचे 600 पॉइंट पडतात, पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, पक्की. त्यासाठी तुम्ही वीस गुंठे उसाचं रान विकायला निघालाय आणि विचारताय, "ताई, भरू का पैसे?"

भरू नका. रानाचा विसारही कुणाकडून घेऊ नका.

एजंट सांगतो ते एके काळी खरं होतं. जानेवारी 2015 मध्ये एक्सप्रेस एन्ट्री, म्हणजे पॉइंटवरून पीआरसाठी माणसं निवडायची कॅनडाची पद्धत, सुरू झाली तेव्हा मंजूर जॉब ऑफरला 1200 पैकी 600 पॉइंट होते. नोव्हेंबर 2016 मध्ये ते 50 वर आले, फक्त बड्या व्यवस्थापकांना 200 राहिले. आणि 25 मार्च 2025 पासून हे पॉइंट पूर्ण बंद झाले. का, तर पॉइंटसाठी मंजूर ऑफरची खरेदी-विक्री चालली होती. तुमच्याकडे आलेला माणूस तोच बंद पडलेला माल विकतोय. आज 600 पॉइंट मिळतात ते एखाद्या प्रांताच्या नामांकनाचे. काही प्रांत त्यासाठी तिथल्या मालकाची खरी ऑफर मागतात, पण नामांकन प्रांताचं सरकार देतं, एजंट नव्हे.

आता मुलाचा हिशोब मांडते, कारण खरी गोष्ट इथे आहे. कॅनडाच्या दोन चाळण्या असतात. पहिली पात्रतेची, 100 पैकी 67 हवेत. त्याचा डिप्लोमा तिकडे दोन वर्षांचा धरला गेला, तर शिक्षणाचे 19, वयाचे 12, अनुभवाचे 15 आणि आजच्या इंग्रजीचे 16. झाले 62. पाच कमी. या चाळणीत खऱ्या ऑफरला अजून 10 पॉइंट आहेत, म्हणून ऑफर अगदी बिनकामाची आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यानं लिसनिंगला 8 आणि बाकी तिन्हींत 7 आणले, तर इंग्रजीचे 24 होतात आणि बेरीज 70. ऑफरशिवाय पास.

दुसरी चाळणी 1200 ची, तिच्यावरून पीआरच्या अर्जाचं बोलावणं येतं. तिथे हेच इंग्रजी सुधारलं की भाषेचे 68 चे 124 होतात, आणि इंग्रजीला जोडून मिळणारे जादा पॉइंटही वाढतात: कॅनडाबाहेरच्या, म्हणजे इथल्या, अनुभवाचे 25 चे 50, शिक्षणाचे 13 चे 25. एकूण 93 ची वाढ. जॉब लेटरला शेवटच्या काळात 50 मिळत होते, दादा. क्लासची फी आणि सहा महिन्यांची पहाटेची मेहनत त्याच्या जवळपास दुप्पट देते. आकडा वाढला म्हणजे बोलावणं आलंच असं नाही, तेही मुलाला सांगा. 2023 पासून काही ट्रेडसाठी, म्हणजे हातच्या कौशल्याच्या कामांसाठी, बोलावण्याच्या वेगळ्या फेऱ्या निघतात, त्यांच्या याद्या बदलतात, त्या त्यानं स्वतः सरकारी साइटवर बघत राहाव्यात. वयाचे पॉइंट तिशी लागली की उतरायला लागतात, म्हणून हातात दीड-दोन वर्षं आहेत असं धरून चालायचं.

दुसरं काम कागदांचं. गेल्या पावसाळ्यात उद्यमनगरातला एक टर्नर माझ्याकडे आला होता. हात सोन्याचा, नऊ वर्षांचा अनुभव. शॉपच्या मालकानं लेटरहेडवर दोन ओळी दिलेल्या: "सदर कामगाराचे काम समाधानकारक आहे." खाली शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. पगार रोखीनं, पीएफ नाही. त्या नऊ वर्षांतलं एकही वर्ष सिद्ध होईना. तुमच्या मुलाच्या पत्रात रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, आठवड्याचे तास, पगार आणि रोजचं काम सविस्तर हवं: ड्रॉइंग वाचणं, टूल ऑफसेट लावणं, फिक्स्चर बसवणं, पहिला जॉब तपासून पास करणं. मालकाशी संबंध गोड आहेत तोवर हे पत्र घेऊन ठेवा.

त्या एजंटाला तीन गोष्टी विचारा. भरती एजंट म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक काय? आपल्याकडे नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, 14 लाख कुठून आले? आणि मालकाला मिळालेली एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार घ्यायची कॅनडा सरकारची मंजुरी, दाखवा. तिची फी मालकानं भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. उत्तर देताना तो गडबडला की समजून घ्या.

तुम्ही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचंही विचारलंय. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंटमध्ये जॉब ऑफरला जागाच नाही, तिथे मालकाच्या स्पॉन्सरशिपचा दरवाजा निराळा आहे आणि त्यासाठी पैसे घेणं-देणं कायद्यानं बंद आहे. न्यूझीलंडचं उलटं, 2023 पासून तिथे मान्यताप्राप्त मालकाची नोकरी नसेल तर पॉइंटच्या रांगेत उभंच राहता येत नाही. म्हणून "परदेश" असं एकच गाठोडं बांधू नका, देश ठरवा आणि मग नियम वाचा.

रविवारी मुलाला घेऊन या. डिप्लोम्याच्या मार्कशीट, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि एजंटानं दिलेला प्रत्येक कागद सोबत आणा. तोवर सातबारा घरातच असू दे.

तुमची,
ताई