जुना हीटसिंक नव्या प्रोसेसरला चालेल का?

प्रश्न : माझ्या संगणकात बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे. त्याच बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स बसवायचा विचार आहे, पण त्याच्या खोक्यात हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, येत नाही म्हणे. जुन्याबरोबर आलेला हीटसिंक पंख्यासकट धडधाकट आहे. तोच लावला तर? की वापरून वापरून त्याचाही दम जातो?

उत्तर : धातूचा दम जात नाही. जातो तो पंख्याच्या बेअरिंगचा आणि थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा. पात्यांमधली धूळ ब्रशने काढलीत, पंखा बोटाने फिरवल्यावर खरखर न करता फिरला, तर तुमचा हीटसिंक पहिल्या दिवसाइतकाच चांगला आहे.

पण पहिल्या दिवशी तरी तो केवढा होता? २६०० बरोबर येणारा रेथ स्टेल्थ म्हणजे ५४ मिलिमीटर उंचीचा निव्वळ अॅल्युमिनियमचा ठोकळा. तळाला तांबं नाही, उष्णता वाहून नेणारी नळी (हीटपाइप) नाही. ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी तो दिलेला असतो. ५८००एक्सच्या खोक्यावर १०५ वॉट लिहिलेलं असलं, तरी भर कामात तो सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या बैठकीतून, १४२ वॉटपर्यंत खेचतो. आठही कोअर, म्हणजे काम करणारे भाग, एकाच छोट्याशा चिपमध्ये असल्याने उष्णता एकाच जागी साचते, ती आणखी वेगळी डोकेदुखी. दोन्ही प्रोसेसर एएम४ सॉकेटचेच, त्यामुळे हीटसिंक बसेल झकास. पेलवणार मात्र नाही.

म्हणून काही जळणार वगैरे नाही. तापमान ९० अंशांवर गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. म्हणजे पैसे पूर्ण वेगाचे मोजायचे, मिळायचा कमी, आणि वर पंख्याची बोंब ऐकायची.

तुमच्या जागी मी असतो तर ५७००एक्स घेतला असता. कोअर तेवढेच आठ, पण ६५ वॉटचा, आणि त्याची वरची मर्यादा ७६ वॉट. स्टेल्थ त्याला निभावून नेतो. आवाजाची तेवढी तयारी ठेवा. ५८००एक्स घेऊन झाला असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज कमी वापरणारा इको मोड शोधा आणि ६५ वॉटचा पर्याय निवडा. मग तो ८८ वॉटच्या पुढे जात नाही. गेम खेळताना हा लगाम फारसा जाणवत नाही, व्हिडिओ रेंडर करताना जाणवतो.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण जिथे खरं नुकसान होतं ते. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर नवा लावल्यावर पडदा काळाच राहील. मग हीटसिंक काढायचा. वाळलेली पेस्ट चिकटून बसलेली असते, आणि एएम४ मध्ये प्रोसेसर धरून ठेवणारी दांडी हीटसिंकच्या खालीच दबलेली. सरळ वर ओढलात की प्रोसेसर लॉक असूनही हीटसिंकला चिकटून उपटून येतो, पिना वाकतात. एकूण पिना १३३१. त्यातली कुठली वाकली हे भिंग लावून शोधत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून संगणकाला आधी थोडा वेळ जड काम द्या, पेस्ट मऊ होईल. मग बंद करून, वायर काढून, कॅबिनेट आडवं करा. उभ्या कॅबिनेटमध्ये चारही स्क्रू सुटले की बोर्डामागची पट्टी निसटून पडते. स्क्रू आलटून पालटून, तिरप्या जोडीने थोडे थोडे सैल करा. नंतर हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत राहा. पकड सुटली की हाताला कळतं. तोवर उचलायचं नाही.

स्टेल्थच्या तळाला कारखान्यातून लावून आलेली पेस्ट एकदाच कामाची. तिचे अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्याने पूर्ण पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. बोटाने पसरवू नका, दाबाने ती आपोआप पसरते. सगळं जोडल्यावर प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा सिनेबेंच हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमानाबरोबर वेगाचा आकडाही बघा. नुसतं तापमान बघून निम्मीच गोष्ट कळते.

प्रश्न : इंटेलच्या आय५-९४००एफ प्रोसेसरवरून आय५-१२४०० वर जातोय, मदरबोर्डही नवा घेणार. प्रोसेसर सुटा, बिनखोक्याचा मिळतोय. जुना हीटसिंक लागेल का?

उत्तर : नाही. तुमच्या जुन्या सॉकेटच्या, एलजीए ११५१ च्या बोर्डावर हीटसिंकच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर, नव्या एलजीए १७०० वर ७८. त्या प्लॅस्टिकच्या पिना ताणून बसवल्याच, तरी दाब एकसारखा पडत नाही. नवा प्रोसेसर बुटकाही आहे, त्यामुळे तळ नीट टेकेलच असं नाही. खोक्यातला १२४०० घ्या, त्यात हीटसिंक येतो. तुमचा जुना हीटसिंक वेगळा विकत घेतलेला, टॉवरसारखा उंच असेल तर मात्र टाकून देऊ नका. बऱ्याच कंपन्या नव्या सॉकेटसाठी फक्त पट्ट्या-स्क्रूंचा संच देतात. नॉक्टुआ ही हीटसिंक बनवणारी कंपनी तर खरेदीची पावती दाखवल्यावर फुकट पाठवते.